मोघम डाकेत हरवलेल्या चिमणाळ्याची हकीकत

श्रीगणराय मंगल करोत. जिच्या कृपेने बोबड्यासही वाचा फुटते त्या शारदेस नमन करोन, शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथीनाम संवत्सरी राज्यात जे वर्तले ते ऐकिल्याप्रमाणे लिहितो. उणे अधिक जाहले असेल ते थोरांनी सांभाळोन घ्यावे.

राजधानीचे पेठेत सटवोजी चितारी म्हणोन लाखेच्या खेळण्यांचा नामांकित कारागीर होता. बाळराजांचे भोवरे-बाहुल्या त्याचेच हातचे, आणि माणूस सालस, परंतु लौकिकाने मान अंमळ ताठ जाहली होती. त्याच साली घाटमाथ्याचे किल्ल्यावरील नगारची रखमाजी यांची स्त्री म्हाळसाबाई यांस कन्या जाहली. पूर्वीची मुले जगली नव्हती, यास्तव उभयतांस परम हर्ष जाहला, आणि पाळण्यावर टांगावयास लाल-हिरव्या पाखरांचे चिमणाळे बाईंनी सटवोजीस सांगोन पाठविले, मोलही आगाऊ पोचते केले. सटवोजीने जीव ओतोन काम केले, मग पाठवावयाची वेळ आली. त्या राज्यात डाक दोन प्रकारची. एक दाखल्याची, तीत प्रत्येक चौकीवर जिनसाची नोंद होई आणि घेणाराची निशाणी परत येई. दुसरी मोघम, तीत डाक वाहणाऱ्या जासुदाचे झोळीत जिन्नस टाकावा आणि स्वस्थ बसावे. मोघम स्वस्त पडे, म्हणोन सटवोजीने बाईंस न पुसता तीच धरली, आणि चिमणाळे वाटेत कोठे गेले ते कोणास न कळे.

बारशाचा दिवस आला, आयाबाया जमल्या, आणि पाळण्याचा आकडा मोकळाच. म्हाळसाबाईंनी त्यास आपल्या चोळीच्या खणाची चिंधी बांधिली, मुलीचे नाव तानू ठेविले आणि हसतमुखाने घुगऱ्या वाटिल्या, परंतु जिवास चुटपुट लागोन राहिली. मग तीन-चार महिन्यांनी अंगात बळ येताच मूल झोळीत घेवोन, घाट उतरोन सटवोजीचे दुकानी आल्या आणि जिन्नस पोचला नाही ऐसे सांगितले. सटवोजी बोलिला, "बाई, आम्ही जासुदाचे हाती दिले, तेथे आमचे काम सरले. तुम्ही त्यास धरावे." बाई बोलिल्या, "दादा, जासूद काळा की गोरा मी जाणत नाही. मी तुम्हांस ओळखते. तुमचे नाव ऐकोन मागविले." भोवती गिऱ्हाईक जमले, त्याने सटवोजीस राग आला आणि तो म्हणाला, "पोचले नाही कशावरून? एक घरी टांगोन दुसरे मागावयास आला असाल." हे ऐकता बाईंचे डोळे भरले, परंतु तेथोन हलल्या नाहीत. म्हणाल्या, "चला तर, न्यायाधीशांपुढे उभे राहू."

न्यायाधीश विसाजीपंत वृद्ध आणि शांत. त्यांनी तानूस सावलीत निजविण्यास सांगितले आणि मग सटवोजीस पुसिले, "मोघम डाक कोणी निवडिली?" सटवोजी म्हणाला, "आम्ही." "बाईंस पुसिले होते?" "नाही, महाराज. परंतु बाईंस पोचले नसेलच कशावरून?" पंत बोलिले, "हाच संशय फिटावा म्हणोन दाखल्याची डाक आहे. ती तुम्ही टाळिली, आता संशयाचे ओझे बाईंचे माथी देता? वाट तुम्ही निवडिली, जासूद तुम्ही नेमिला. जिन्नस घेणाराचे हाती पडे तोवर तो तुमचाच, आणि हरवला तर तुमचाच हरवला. जासुदाशी तुम्ही भांडावे. बाईंस नवे चिमणाळे करोन द्यावे, आणि बोललात त्याची क्षमा मागावी." सटवोजी पागोटे सावरोन बाईंस म्हणाला, "ताई, रागाने वेडेवाकडे बोललो. पोटात घाला." बाई म्हणाल्या, "दादा, पोर आकड्याकडे बघते हो, एवढेच माझे दुःख."

मग सटवोजीची स्त्री लाडूबाई हिने मायलेकींस घरी ठेवोन घेतले, तूप-खीर करोन घातली, आणि सटवोजी लाकडी पाखरांवर लाख चढवीत बसला. प्रथम हात जड चालला, परंतु तानू आईचे मांडीवरोन हिरव्या पाखरास झोंबू लागली, तेव्हा त्याने आपण होवोन मधोमध एक मोर अधिक बसविला. काम पुरे होता पुसिले, "ताई, कोणत्या डाकेने धाडू?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आता माझेच हाती द्या की." सटवोजी म्हणाला, "नाही, मीच येतो," आणि खरोखर गठडे डोईवर घेवोन मायलेकींबरोबर निघाला. ओढ्याचे पाण्यात पाय निसटला तेव्हा स्वतः बुडाला, परंतु गठडे दोन्ही हातांनी वर धरिले. किल्ल्यावर रखमाजींनी त्यास कोरडे धोतर दिले, आकड्यास पाखरे टांगिली, आणि शेजारणींनी पाळणा पुन्हा गायिला. म्हाळसाबाईंनी दोरी सटवोजीचे हाती देवोन म्हटले, "पहिला झोका मामाने द्यावा." त्याने झोका दिला, पाखरे फिरली, तानू निवांत जाहली. परंतु त्याने दोरी सोडिली की ती रडे, धरिली की उगी राही, आणि रखमाजी हसो लागले तर बायकांनी त्यांस दटाविले. या रीतीने राजवाड्याचा चितारी भाकर गार होईतो नगारचीचे घरी पाळणा हालवीत बसला, आणि परत जावयाची गोष्ट त्याने काढिली नाही.

पुढे त्या राज्यात विकणाराने घेणारास डाक पुसोन मगच जिन्नस धाडावा ऐसा शिरस्ता पडला. पहिले चिमणाळे कधी सापडले नाही, ज्याचे घरी असेल तेथील लेकरू सुखी असो. इतके वर्तमान, लिहिणाराचे समाधान जाहले, वाचणाराचेही व्हावे.