श्रावणातली संक्रांत, अर्थात बॅरिस्टर दौलतरावांची गाऊनस्वारी

श्रीमार्तंड प्रसन्न. मुक्काम इंदूर, अमल नव्या मध्य प्रदेशाचा, मास श्रावण, हवा चिकट. ते समयी छत्रीबागेत जो रणसंग्राम जाहला त्याची हकीकत येणेप्रमाणे. ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा, घोरू नये.

बॅरिस्टर दौलतराव होळकरशाहीतल्या शिलेदारांचे वंशज. आजे तलवार चालवीत, हे जीभ चालवू लागले. विलायत सर केली, आणि तुकोगंजात पाटी लावली, मग वर्षभर तीवर चिमण्यांखेरीज कोणी फिरकेना. मग देपालपुराहून म्हशीचा दावा आला. म्हैस एक, धनी दोन! बॅरिस्टरसाहेबांनी खासा म्हैसच इजलासात हजर करविली, आणि ती खऱ्या धन्यास पाहून ऐसी हंबरली की समोरचा वकील टोपी टाकून पळाला. मग कीर्ती चौफेर, दावे फोडणीतल्या मोहरीगत तडतडू लागले, आणि केस पांढरे होता होता फर्मान आले: हायकोर्टाची न्यायाधीशी बहाल, उदईक साडेदहास शपथ घेणे, कसूर न करणे.

मात्र खरा गनीम छत्रीबागेतल्या घरात. शपथेच्या सकाळी, दौलतरावांस लहानाचे थोर केलेल्या जनाबाई आत्या औक्षणाचे तबक घेऊन येतात तो भाचा नखशिखांत काळ्या गाऊनात!

"शुभदिनी काळं? काढ मेल्या!"

गाऊन ट्रंकेत कैद, किल्ली आत्याबाईंच्या कमरेस. वर हुकूम, की पांढऱ्या धोतरात शपथ घेणे. दौलतरावांची पाचावर धारण. बिनगाऊन जावे तर शपथेआधीच हसे, न जावे तर खुर्ची गेली. विलायती दाखले दिले, सारे खारीज.

दारातून मारुती टांगेवाला ओरडला, "साबजी, चलो नी! घोडा बी वकील लोगों जैसा तारीख मांग रिया हे!"

दहा वाजले, आणि दौलतरावांस मुद्दा सुचला.

"आत्या, संक्रांतीस काळं चालतं ना?"

"चालतं. पण हा श्रावण आहे रे, बालिष्टर!"

"सूर्य एका घरातून दुसऱ्या घरात शिरला की संक्रांत. आपल्या घराण्याचा सूर्य आज हायकोर्टात शिरतोय."

आत्याबाईंनी मुद्दा कबूल केला! हे जन्मात घडले नव्हते. मग किल्ली सुटली, पण शर्तीवर.

"न्यायाधीशाची पहिली संक्रांत ना तुझी? मग हलव्याचे दागिने घाल. नव्या नवरीसारखे!"

मग यशोधराबाईंनी नवऱ्याकडे न पाहता, ओठ दाबून, नव्या सुनेच्या गेल्या संक्रांतीच्या दागिन्यांचा डबा उघडला, आणि हलव्याचा हार गाऊनाखाली चढविला, आणि खिसे तिळगुळाने भरले, आणि स्वतः काळी चंद्रकळा नेसून टांग्यात बसल्या, मग घोडा ऐसा उधळला की वाटेतले पोहेवाले कढईसकट बाजूस जाहले.

शपथेस उजवा हात वर जाताच हार तुटला. बाहीतून हलवा टपटप, इजलासभर पांढऱ्या गारा! थोरल्या न्यायमूर्तींच्या भुवया चढल्या. दौलतरावांनी शेवटच्या शब्दापर्यंत शपथ पुरी केली, आणि मग खिशात हात घातला.

"तिळगूळ घ्या मिलॉर्ड, गोड बोला."

मिलॉर्डनी खाल्ला. दमट हवेत मऊ पडलेला गूळ दातांस ऐसा चिकटला की रागे भरणे तहकूब करावे लागले. मग सारी वकीलमंडळी पुढे सरसावली, आणि जन्माचे वैरी एकमेकांच्या तळहाती तिळगूळ ठेवते जाहले.

ऐसी न्यायाधीशी फत्ते जाहली. हानी म्हणावी तर एक हार. आणि दुसरे दिवशी न्यायमूर्ती दौलतरावांच्या पहिल्या इजलासास पक्षकारांच्या आधी कोणी हजर असेल, तर मुंग्या. शिस्तीत, एका रांगेत. साहेबांनी हुकूम फर्माविला: यांस कोणी हटकू नये, या आत्याबाईंच्या बाजूच्या साक्षीदार आहेत.