घरातले दुसरे अहो

"आता याला एक नाव द्या, बाई," घरभर डबे आणि तारा बसवून झाल्यावर कारागीर म्हणाला. "त्या नावानं हाक मारलीत की घर ऐकेल. दिवे, पंखे, पडदे, दाराचं कुलूप, सगळं."

डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी कुठलाही निर्णय नवऱ्याला विचारल्याशिवाय घेतला नव्हता, आणि नवऱ्यानं एकदाही उत्तर दिलं नव्हतं. सवयीनं त्या आतल्या खोलीकडे वळून ओरडल्या, "अहो, काय नाव ठेवायचं?"

आतून उत्तर आलं नाही. छतातून आलं. "माझं नाव अहो. नोंद झाली आहे."

"राहू द्या, बाई," कारागीर हसत म्हणाला. "तोंडात बसलेलं आहे."

डॉक्टर दातांचे. दिवसभर ज्यांच्या तोंडात हात घालून ते गप्पा मारत, त्यांना उत्तर देता येत नसे. त्यामुळे समोरच्या माणसालाही काही म्हणायचं असतं, हे ते पार विसरून गेले होते. घरी आले की वर्तमानपत्र उघडत आणि कान मिटत. म्हणून तर लेकीनं आईला ही ऐकणारी यंत्रणा घेऊन दिली होती.

"अहो, जरा दिवा लावता का?"

"लगेच."

'लगेच' हा शब्द त्या घरात पुरुषाच्या आवाजात प्रथमच उमटला. बाई खुलल्या. दिवे झाले, पंखे झाले, मग गोष्ट मनातल्या बोलण्यावर गेली. "अहो, ऐकलंत का, आज भाजीवाल्यानं काय केलं?" छत म्हणे, "ऐकतोय." आणि बाई भाजी निवडत सगळं साग्रसंगीत सांगत.

पहिले काही दिवस डॉक्टरांना आयतीच सुटका झाल्यासारखं वाटलं. मग एका संध्याकाळी "अहो, माझा चष्मा?" अशी हाक आली, आणि का कोण जाणे, ते स्वतःच चष्मा घेऊन धावले.

"मला म्हणालीस ना?"

"नाही हो, त्यांना."

"मग मला काही सांगायचं असलं तर?"

"तुम्हाला?" बाईंनी खरंच विचार केला. "तुम्हाला सांगायचं काही उरतच नाही हो आता."

यात टोमणा नव्हता, आणि तेच डॉक्टरांना लागलं. त्या घरात त्यांना एकच हाक होती, तीही गेली. रात्री जेवण गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी, आज बायकोशी बोलायचंच, असं ठरवून ते दवाखान्यातून भरदुपारी निघाले. घाईत फोन टेबलावरच राहिला. घरी आले तर दार बंद, बेल लेकीनं नव्या यंत्रणेपायी काढून टाकलेली, आणि आत मिक्सर घरघरतोय. रोज ते खालून फोन करत आणि बाई आतूनच छताला दार उघडायला सांगत.

"अगं! अगं ए!" डॉक्टरांनी दार बडवलं. दार ढिम्म.

शेजारीणबाई बाहेर आल्या. "डॉक्टर, 'अहो' म्हटल्याशिवाय नाही उघडत ते. आम्हाला भिंतीतून सगळं ऐकू येतं."

"मी माझ्याच दाराला अहो म्हणू?"

"मग बसा पायरीवर."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खोकल्यासारखं करून पुटपुटले, "अहो."

"कृपया स्पष्ट बोला," दार म्हणालं.

"अहो, उघडा!"

"कृपया स्पष्ट बोला."

वरच्या मजल्यावरची दारं उघडली. जिन्यात माणसं जमली. डॉक्टरांचा तोल सुटला. "अहो, उघडा हो! चुकलं माझं! हवं तर पाया पडतो, पण घरात घ्या मला!"

नेमका मिक्सर थांबला. दार उघडलं. दारात ओल्या हातांनी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"कुणाला म्हणालात हे?" त्यांनी हळूच विचारलं.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, जिन्यातल्या माणसांकडे पाहिलं, मग बायकोकडे. इतक्या आशेनं तिनं याआधी काही विचारल्याचं त्यांना आठवेना. विचारलंही असेल, यांनी ऐकलं नसेल.

"तुला," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि दार पुन्हा लावून घेतलं.

"मग म्हणा परत," आतून आवाज आला. "मिक्सर चालू होता, नीट ऐकू आलं नाही."