आधी पंखा, मग काडी

समोरच्या घरातला देवाजी भाऊ माझ्या घरात शिरला की आधी पंख्याचे बटण बंद करतो. जयभीम नंतर. मी शेगडीपुढे काडी घेऊन उभी, वर चंद्रपूरचा मे महिना. घाम कुठून कुठून येतो ते विचारू नका.

"आधी पंखा, मग काडी," तो म्हणतो.

इंजिनिअरिंग कॉलेजात तो शिपाई होता. तिथले सर लोखंडी टाकीत गॅस भरत, आत पंखा फिरवत आणि ठिणगी टाकत. भडका किती जोराचा, ते यंत्रावर दिसे. मग त्याच गॅसात हायड्रोजन मिसळून पुन्हा भडका. टाकी पुसायचे काम देवाजीचे. निवृत्त झाल्यावर पुसायला टाकी उरली नाही, म्हणून तो माझ्या मागे लागला, असे मी धरून चालले होते.

"गॅस म्हंजे गाय, बाई. हायड्रोजन म्हंजे वासरू. चिमूटभर मिसळला तं काई होत नाई. लय मिसळला का गायबी उधळते. अन् पंखा म्हंजे मागून काठी. काठी वासराले जास्त लागते."

"माझ्या सिलिंडरात कुठी हाये तुझं वासरू?"

"आज नाई. उद्या मिसळलं म्हंजे?"

"म्हणून मी आजपासून घामात मरू?"

"सवय पायजे ना."

जाळ विझेपर्यंत त्याची तपासणी संपत नाही. तोवर भात होतो. मग तो पंखा लावतो, जेवतो आणि जातो.

माझा मुलगा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात आहे. त्याला माझा घाम बघवेना. त्याने विजेची शेगडी आणून दिली.

देवाजी आला. बटणाकडे गेलेला हात तिथेच थांबला.

"जाळ कुठी हाये?"

"नाईच. पंखा राहू दे."

त्याने वाकून शेगडीच्या खाली पाहिले. "मंग माझं इथी काई काम नाई," म्हणाला. चहा उकळत होता, तोही घेतला नाही.

नंतर तो आलाच नाही. मी पंख्याखाली आरामात स्वयंपाक केला. मग वाटले, मेला की काय. बघायला गेले.

खाटेवर बसून मुरमुरे पाण्यात भिजवून खात होता. शेगडी कोपऱ्यात उलटी पडलेली, नळी काढलेली.

"काऊन रे, सिलिंडर कुठी गेला?"

"विमल गेली तवाच परत केला. एकट्यासाठी काय जाळ करायचा?"

विमल त्याची बायको. ती गेली त्याच उन्हाळ्यात माझा पंखा बंद व्हायला लागला होता. हे मला आत्ता जुळले.

मी घरी येऊन विजेची शेगडी खोक्यात घातली आणि खोके पलंगाखाली सरकवले. दुसऱ्या दिवशी दोघांचे तांदूळ धुतले, पंखा सगळ्यात जोरात लावला आणि दारात जाऊन ओरडले,

"देवाजी! पंखा चालू हाये! मी काडी ओढून राह्यली!"

"थांब व बाई!" समोरून आले, आणि मागोमाग एकाच पायात चप्पल घातलेला देवाजी.

त्याने बटण बंद केले. जयभीम केला नाही. धाप लागली होती.