एकशे सदतीस नोंदींचं इंजिन

अव्यवस्था ही गोष्ट मी फक्त दुसऱ्यांच्या घरी पाहिली आहे! माझ्या घरी मिठाच्या बरणीवर चिठ्ठी आहे, चिठ्ठीवर क्रमांक आहे आणि तो क्रमांक वहीत आहे. वही कुठे आहे, एवढंच काय ते बायकोला विचारावं लागतं. सव्वीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर माणसाचा हात असा वळतोच. म्हणून आमच्या फिरत्या ग्रंथालयाच्या गाडीचं इंजिन जेव्हा मोडलं, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "घाबरता काय? ग्रंथ असो की यंत्र, शेवटी प्रश्न मांडणीचा असतो!"

हे वाक्य त्या आठवड्यात मला चार वेगवेगळ्या माणसांनी चार वेगवेगळ्या सुरांत परत ऐकवलं.

झालं असं की मंगळवारी चढणीवर गाडीच्या पोटात आधी कुणी सुपारी फोडावी तसा आवाज झाला, मग खर्रर्र, मग काहीच नाही. गाडी निमूट उभी राहिली. तिचे ड्रायव्हरकाका खाली उतरले, बॉनेट उघडलं, कान लावला आणि टोपी काढली. मला वाटलं, गेली!

"टायमिंगची साखळी तुटली, सर," ते म्हणाले.

ही साखळी म्हणजे काय, ते मला त्याच दिवशी कळलं. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, वर एक दांडा फिरतो आणि दोघांची पावलं जुळवून ठेवते ती ही. ती असली की पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह बाजूला होतात. ती तुटली की कुणाला कुणाचा धरबंद राहत नाही. सगळे एकमेकांवर डोकं आपटून घेतात. आमच्या आठांपैकी पाच व्हॉल्व्ह वाकले होते.

काका गाडीशी बोलतात. एकोणीस वर्षं बोलतात. त्या दिवशी बॉनेटवर हात फिरवत ते पुटपुटले,

"गाडीबाई माझी, हिचं तुटलं गळसर,
आता कशी चालेल वाटेवर झरझर..."

मला गलबलून आलं असतं, पण गाडी ओढून परत आणली, तोवर मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. "वाहन नादुरुस्त असल्याचे समजते. शनिवारी सकाळी दहा वाजता तपासनीस येतील. वाहनाने नेहमीचा मार्ग पूर्ण न केल्यास सेवा बंद करून चालकास गोदामावर बसविण्यात येईल."

काकांनी ते पत्र घडी घालून खिशात ठेवलं. "गोदामाला खिडकी नाही, सर," एवढंच म्हणाले.

सरकारी कारखान्यात गाड्यांची रांग दोन महिन्यांची. पण काकांचा मेहुणा मिस्त्री! गडी भला, मात्र त्याच्याकडे मोकळा दिवस एकच, शुक्रवार. तो फोनवर म्हणाला, "तुम्ही इंजिन खोलून ठेवा. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, माझ्याकडे पाठवा, नवे व्हॉल्व्ह मी बसवून आणतो. शुक्रवारी येऊन साखळी चढवतो आणि सगळं बंद करतो. फक्त निघालेलं सामान नीट लावून ठेवा."

"नीट लावून ठेवा!" हे तो कुणाला सांगत होता? मला!

बुधवारी सकाळी ग्रंथालयामागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. काका पान्यानं खोलत होते, मी पलीकडे टेबल मांडून बसलो होतो. ते बोल्ट काढायचे, मी तो पुसायचो, मोजायचो, चिठ्ठी लावायचो, वहीत चढवायचो. दोन दिवसांत एकशे सदतीस नोंदी झाल्या! सहा ट्रे भरले. पहिल्या ट्रेमध्ये बोल्ट, लहान ते मोठे. दुसऱ्यात नट. तिसऱ्यात वॉशर, पातळ ते जाड. चौथ्यात नळ्या, पाचव्यात झाकणं, सहाव्यात स्प्रिंगा. वाचनकक्षात ठेवले असते तर लोकांनी तिकीट काढून पाहिले असते.

एकाच वस्तूनं मला कोड्यात टाकलं. बोटाएवढी, वाकवलेल्या तारेची. उलटीसुलटी करून पाहिली. सरळ सरळ केसांची पिन! बाईमाणसाची पिन इंजिनात कशी गेली असेल, असा विचार करत मी ती खिशात टाकली आणि संध्याकाळी बायकोपुढे ठेवली.

"ही घे तुझी पिन. गाडीत सापडली."

"माझी?" बायकोनं भाजी चिरायची थांबवली. "मी त्या गाडीत शेवटची कधी बसले?"

"मला काय माहीत?"

"मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी. आणि तेव्हा माझे केस कापलेले होते!"

"मग एखाद्या वाचक भगिनीची असेल."

"भगिनीची! अहो, भगिनीनं ती गाडीत काढली कशाला?"

  ती पिन बायकोनं पुरावा म्हणून आरशापुढच्या डबीत ठेवली आणि माझ्याशी ती रात्रभर अत्यंत सभ्यपणे वागली. तिच्या सभ्यपणाइतकं भीतिदायक घरात दुसरं काही नाही.

शुक्रवारी मिस्त्री आला. खांद्यावर दुरुस्त केलेलं हेड, हातात नवी साखळी. मी एका हातानं सहा ट्रे दाखवले, जसा कुणी आपला बगीचा दाखवावा.

मिस्त्रीनं पहिल्या ट्रेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत ट्रेकडे.

"हे... कुणी केलं?"

"मी!"

"यातला पंपाचा बोल्ट कुठला?"

"लांबी सांगा, काढून देतो."

"लांबी मला कशी माहीत असणार? पुढच्या झाकणाचा कुठला? साखळीच्या ताणाचा कुठला?"

"तसं नाही केलेलं. वस्तू कुठून आली त्यापेक्षा ती काय आहे हे महत्त्वाचं. बोल्ट म्हणजे बोल्ट!"

मिस्त्री उलट्या बादलीवर बसला. "साहेब, तुम्ही लग्नाला आलेल्या शंभर माणसांच्या चपला मापानं लावून ठेवल्यात. आता प्रत्येकानं घरी कसं जायचं?"

काका हळूच म्हणाले, "मला वाटलं, सरांची काहीतरी पद्धत असेल."

"पद्धतच आहे की! लहान ते मोठे!" मिस्त्री कडाडला. "अरे, आखूड भोकात लांब बोल्ट गेला तर आतलं झाकण फुटेल! नवी साखळी पुन्हा खलास!"

अकरा वाजले होते. बेचाळीस बोल्ट होते आणि बेचाळीस भोकं.  खिशातल्या त्या घडी घातलेल्या पत्रावर काकांचा हात होता. ग्रंथपालाच्या आयुष्यात प्रथमच मला असं वाटलं, की कुणीतरी माझी सगळी कपाटं उलटी करावीत आणि मला खाली पुरावं.

डबा घेऊन आलेल्या बायकोनं दारातून सगळं पाहिलं. कालचा सभ्यपणा तिनं तात्पुरता बाजूला ठेवला. पिशवीतून लोकर विणायची सुई काढली, एका भोकात घातली, टेकली तिथे बोटानं धरली आणि बाहेर काढली.

"हे भोक एवढं खोल. द्या एवढा बोल्ट."

मिस्त्री बादलीवरून उठला. "वहिनी, तुम्ही बुधवारी कुठे होतात?"

"मला कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "इथे मांडणीचा प्रश्न होता ना!"

मग काय विचारता! बायको सुई घालायची, माप ओरडायची, मी ट्रेमधून बोल्ट काढून द्यायचो. माझी 'लहान ते मोठे' रचना यासाठी अतिशय सोयीची होती, हे मी बोलून दाखवलं. तिघांनीही ऐकलं नाही. मिस्त्रीनं साखळी चढवली, खालच्या चक्राची खूण आणि वरच्या चक्राची खूण समोरासमोर आणली, पाना लावून इंजिन हातानंच पूर्ण दोन फेरे फिरवलं. कुठे अडलं नाही, कुठे घासलं नाही. खुणा पुन्हा बरोबर समोरासमोर येऊन थांबल्या. काकांनी टोपी परत डोक्यावर घातली.

दिवेलागणीला मिस्त्री हात पुसत म्हणाला, "झाकणांना लावलेला लेप सुकू दे. आज सुरू करू नका. उद्या सकाळीच किल्ली फिरवा. आणि आठवडाभर साखळीला हिसका देऊ नका, नव्या नवरीसारखी वागवा." आणि तो बाहेरगावच्या कामाला निघून गेला.

शनिवारी दहाच्या ठोक्याला तपासनीस साहेब आले. बारीक, इस्त्रीचे, बगलेत विटेएवढी नियमावली. काकांनी डोळे मिटून किल्ली फिरवली. आणि काय सांगू! पहिल्या फटक्याला इंजिन सुरू झालं. खडखड नाही, धूर नाही. जात्यातून पीठ पडावं तसा मऊ, सलग आवाज.

"गाडीबाई!" काका म्हणाले. पुढचं काही त्यांना सुचलं नाही.

पहिला थांबा आला. साहेब म्हणाले, "नियम सात. थांब्यावर इंजिन बंद करावे."

काकांनी किल्ली बंद केली. आमच्या जुन्या डिझेल गाडीला बंद करायला समोर एक बटण ओढावं लागतं, तेही ओढलं. ते हललेल्या दातासारखं हातात सैल आलं. इंजिन चालूच!

"पिन," काका पुटपुटले. "बटणापासून डिझेलच्या पंपापर्यंत तार जाते, तिच्या टोकाला पिन असते, सर. अशी वाकवलेली. तुम्ही कुठल्या ट्रेमध्ये..."

माझ्या डोळ्यांपुढे आरशापुढची डबी उभी राहिली.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब!" मी म्हणालो. "वाचकांना गाडीचा आवाज ऐकू यावा म्हणून चालू ठेवतो!"

दुसऱ्या थांब्यावर मी सांगितलं, की नव्या साखळीला ऊब हवी. तिसऱ्यावर सांगितलं, की पुस्तकांना ओल लागू नये म्हणून. चौथ्यावर, म्हणजे शेवटच्या थांब्यावर, सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. साहेबांनी हात आत घालून किल्लीच काढून घेतली आणि खिशात ठेवली.

"आता बंद होईल."

इंजिन चालू. साहेबांनी किल्ली खिशातून काढून पाहिली. परत ठेवली. परत काढली.

"किल्ली माझ्याकडे आहे!" ते ओरडले. "ही चालते कशावर?"

"डिझेलवर, साहेब," काका अदबीनं म्हणाले.

तेवढ्यात शेवटच्या थांब्यावरच्या काठीवाल्या आजी गाडीच्या पायऱ्या चढून आल्या. ग्रंथालयाच्या एकतीस पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, या तीन चढवतात. "कोण हो तुम्ही? बाजूला सरका! दोन आठवडे मी दुसऱ्या भागाची वाट बघतेय, आणि तुम्ही कादंबऱ्यांपुढे कपाटासारखे उभे!"

साहेब सरकले. आजींच्या मागे रांग होती. साहेब आणखी सरकले, ते थेट खाली उतरले. अर्धा तास उभे राहून त्यांनी रांग पाहिली. इंजिन चालूच.

"पंपावरची कांडी हातानं ओढता येईल?" मी काकांना कुजबुजत विचारलं.

"तिथे उंदराचाच हात पोहोचेल. आणि त्याचाही पोळेल."

"गिअरमध्ये घालून दाबून बंद करा!"

"हिसका बसेल, सर. नको. हवा कोंडू. हवा आत जाते ते तोंड झाकलं की हिचा श्वास बंद. मी नळी काढतो, तुम्ही काहीतरी जाड, सपाट द्या. कापड नको, आत ओढलं जाईल. पुस्तक द्या!"

पुस्तक! मी फळीपाशी धावलो. हे? याच्यासाठी अकरा जण थांबलेत. ते? ते संदर्भग्रंथ, बाहेर द्यायचं नाही. हे? याची बांधणी कालच झाली!

"सर, लवकर!"

माझ्या बगलेखालून एक हात पुढे आला. इस्त्रीचा. त्यात नियमावली होती.

"हे घ्या," साहेब म्हणाले. "पुठ्ठा भक्कम आहे."

काकांनी ती तोंडावर दाबली. फक्! इंजिननं नियमावली घट्ट ओढून धरली, दोनदा थरथरलं आणि थांबलं. इतकी शांतता झाली, की आजींनी पान उलटल्याचा आवाज आला. पुठ्ठ्यावर बशीएवढा गोल वळ उठला होता. नळी बसवून काकांनी किल्ली मागून घेतली आणि फिरवली. गाडी पहिल्या फटक्याला पुन्हा सुरू!

साहेबांनी तिथेच, गाडीच्या पायरीवर बसून, काकांकडून माझ्या ट्रेंची आणि पिनेची हकिगत ऐकत अर्ज भरला. वाहन सुरू होते काय? होय. मार्ग पूर्ण करते काय? होय. मी भीत भीत विचारलं, "आणि थांबते काय?"

साहेबांनी अर्ज वरखाली पाहिला. "तसा रकाना नाही," ते म्हणाले, आणि सही केली.

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, की ती पिन गाडीचीच होती. ती खूप वेळ हसली. मग म्हणाली, "भगिनीपेक्षा गाडीच बरी!"

सोमवारी अहवालाची प्रत आली. काकांनी ती शेडमध्ये सगळ्यांपुढे वाचली. "सेवा पूर्ववत चालू ठेवावी. चालकास वाहनावरच ठेवावे." इथे त्यांनी टोपी सारखी केली. मग त्यांनी खालचा शेरा वाचला, दोनदा, दुसऱ्यांदा जास्त मोठ्यानं. "मात्र दुरुस्ती चालू असताना ग्रंथपालांना वाहनापासून किमान दहा फूट दूर ठेवावे."

नियम तो नियम. मी मान डोलावली. "पण काका, हे दहा फूट मोजायचे कुठून? बंपरपासून की बॉनेटपासून?"

काकांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

"तुम्ही घरीच बसा, सर. तिथून कसंही मोजलं तरी भरतात!"