सासूबाईंची पाककृती आणि गळकी बॅटरी

मी आयुष्यात एकही माहितीपुस्तिका वाचलेली नाही. टोस्टरची नाही, गाडीची नाही, गवत कापायच्या यंत्राचीही नाही. वस्तू समोर ठेवा, मी तिच्याकडे पाच मिनिटं नीट बघतो आणि ती कशी चालते ते मला कळतं! मी, नॉर्मन मेटकाफने, दुरुस्त केलेली घड्याळं आमच्या थॉर्नबेक गावात सहा घरांत लटकताहेत. त्यातली दोन चालतात, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे जुलैमध्ये हेझल, म्हणजे माझी बायको, म्हणाली की यंदा तिला आईचीच कांद्यांची पाककृती हवी आहे, तेव्हा मी चहाचा कप खाली न ठेवताच म्हणालो, "एवढंच ना? संध्याकाळपर्यंत देतो."

आता ही पाककृती माझ्याकडे कशी, ते सांगायला हवं. दर ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी गावच्या मैदानावर तंबू पडतो आणि त्यात भाज्या, केक, मुरंबे अन् व्हिनेगरमध्ये मुरवलेले कांदे यांची स्पर्धा होते. माझ्या सासूबाई, एडना, यांनी कांद्यांत सलग अकरा वर्षं पहिल्या नंबरची लाल चिठ्ठी घेतली. १९९० साली मी घरी संगणक आणला आणि माझ्या डोक्यात सगळं जग त्यात भरायचं खूळ शिरलं. "कागद कुजतो सासूबाई, संगणक कुजत नाही!" असं ऐकवून मी त्यांना यंत्रापुढे बसवलं, पाककृती टाइप करायला लावली आणि त्यांचं डाग पडलेलं कार्ड माझ्या या हातांनी कचऱ्यात टाकलं.

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. हेझलला कित्येक वर्षं ते यंत्र बघवेना, म्हणून ते माळ्यावर गेलं. तेव्हापासून ती आठवेल तसे कांदे घालते आणि तिसऱ्या नंबरची पिवळी चिठ्ठी घेऊन घरी येते. पाककृती साठवलेली फ्लॉपी, म्हणजे त्या काळची चपटी चकती, तिच्या शिवणाच्या डब्यात जपून ठेवली होती, पण ती वाचेल असं दुसरं यंत्र गावात कुणाकडेच नव्हतं.

मी माळ्यावरून यंत्र काढलं, बागेतल्या शेडमध्ये नेलं, झाकण उघडलं आणि झाकण परत लावलं.

आत एक बोटाच्या पेराएवढी बॅटरी असते. यंत्र बंद असताना वेळ सांभाळायचं काम तिचं. आमच्या बॅटरीने कित्येक वर्षं कुणी न विचारता ते काम केलं आणि शेवटी ती फुटून गळली होती. आजूबाजूला हिरवा-निळा थर, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा. संगणक कुजला होता.

मी स्टॅनकडे गेलो. स्टॅन ऑल्डरसनने चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले आहेत आणि त्याचे हात अजून थरथरत नाहीत. त्याने सांगितलं की ही गळती क्षारी जातीची असते, तिला व्हिनेगर मारतं, आणि शिवाय पुस्तिकेत आतल्या जोडण्यांचा नकाशा असेल तो आधी बघ. पुस्तिकेचं मी हसण्यावारी नेलं. व्हिनेगरचं मात्र मनावर घेतलं.

स्टॅनच्या डोळ्यासमोर किटली धुवायचं पांढरं व्हिनेगर होतं. मी वापरलं तपकिरी, तळलेल्या बटाट्यांवर ओततो ते! शेडला मासे-बटाट्याच्या दुकानाचा वास सुटला आणि शेजारचा कुत्रा दाराशी ठाण मांडून बसला. तो वास घालवायला मी संगणकातली चिप्स बसवलेली पाटी काढून भांडी धुण्याच्या यंत्रात घातली, हेझलच्या रविवारच्या ताटांबरोबर. मग वाळवायला गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, धुतलेल्या टॉवेलांच्या मधोमध ठेवली. पुढचे दोन आठवडे मी आंघोळ करून बाहेर आलो की मला भूक लागायची.

तोवर हेझलचे कांदे मिठात पडून दोन दिवस झाले होते. ते थांबणार नव्हते. तिने एकदा शेडमध्ये डोकावून "मिळाली का रे?" विचारलं, माझं तोंड बघितलं आणि पुन्हा आठवेल तसा मसाला घालून दोन बरण्या भरल्या. फडताळात पुढची स्पर्धेची, मागची घरची.

मी हट्टाला पेटलो. ऑगस्ट संपत आला तेव्हा सगळी पाटी लख्ख झाली होती. बॅटरी काढली होती, तुटलेल्या रेषा स्टॅनने तारेने जोडल्या होत्या. राहिली होती बॅटरीशेजारची एक चिप, जिचे पाय अजून हिरवे होते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ती भिजत घालायची म्हटलं, तर घरातलं व्हिनेगर संपलेलं आणि दुकान बंद.

आणि तेव्हा मला फडताळातली मागची बरणी आठवली. घरचीच तर होती! एक रात्र चिप आत, सकाळी बाहेर, वरचे कांदे टाकून देऊ, कुणाला पत्ताही लागणार नाही. मी झाकण उघडलं, चिप हळूच सोडली, झाकण लावलं. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे बरण्यांवर नाव नाही, खूण नाही, दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की मागच्या बरणीतले कांदे जास्त गोरे उतरले म्हणून हेझलने त्याच दिवशी दुपारी, बरण्या न हलवताच, मागचीच बरणी स्पर्धेला न्यायचं ठरवलं होतं.

सकाळी मी उठेपर्यंत ती तंबूत जाऊन बरणी ठेवून आली होती. मी फडताळातल्या उरलेल्या बरणीत चमचा घालून पाऊण तास ढवळत होतो. चिप मिळेना, तेव्हा मी तंबूकडे धावलो.

परीक्षण होईपर्यंत तंबूत कुणाला सोडत नाहीत. दोन वाजता पडदा उघडला. आमच्या बरणीपुढे लाल नाही, निळी नाही, पिवळीही चिठ्ठी नाही. होती एक बशी. बशीत चिप. आणि बाजूला परीक्षक मिसेस थ्वेट, हातात काटा धरून उभ्या.

"मी आधी कोळीच समजले," त्या हेझलला शांतपणे म्हणाल्या. "मग पाय मोजले. चौदा भरले."

हेझलने माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या एका भोपळ्याकडे बघितलं. मिसेस थ्वेटनी चष्मा लावून आमच्यासाठी कोऱ्या कार्डावर लिहिलं, 'बाद. यादीत नसलेला जिन्नस.' चव घेण्याची वेळच आली नव्हती.

घरी येताना बशी तिच्याच हातात होती. मी वाटेत माफीची चार वाक्यं जुळवली आणि चारही विसरलो. आमच्या फाटकापाशी ती थांबली.

"मला चिठ्ठी नको होती रे," ती म्हणाली. "आईच्या हातची ती चव एकदा यायला हवी होती. आता मी विसरायला लागलेय ती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

तिने बशी माझ्या हातात दिली. "घे. लाव आता ते यंत्र."

चिपचे पाय मात्र चांदीसारखे चमकत होते, हेही नमूद करतो. रविवारी दुपारी स्टॅन आला, त्याने चिप बसवली, मी बटण दाबलं. यंत्र घरघरलं, पडदा निळा झाला, फ्लॉपी तीनदा खोकली आणि अक्षरं उमटली. हेझलने खुर्ची पुढे ओढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"हेझल, नॉर्मन खांद्यावरून बघत होता तोवर मी नुसतीच बोटं चालवली. आता तो चहा करायला गेलाय, म्हणून लिहिते. माझं कार्ड त्याने कचऱ्यात टाकलं होतं, ते मी काढून घेतलं. या यंत्राबरोबर जी जाडी माहितीपुस्तिका आली आहे, तिच्यात ठेवलं आहे. तिथे ते कायम सुरक्षित राहील. या घरात नॉर्मन कधीच उघडणार नाही अशी तेवढीच एक जागा आहे. चांगला आहे तो, त्याला सांभाळ."

पुस्तिका पस्तीस वर्षं आमच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटावर होती. वरची धूळसुद्धा मूळचीच. हेझलने ती उघडली आणि डाग पडलेलं कार्ड तिच्या मांडीवर पडलं. ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. मीही डोळे पुसले. स्टॅनने खिडकीबाहेर बघायचं सोंग केलं आणि मग, कारागीरच तो, कार्ड होतं ते पान चाळून बघितलं. बॅटरीचं पान होतं. दर पाच वर्षांनी बदला, नाहीतर गळते, असं तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं.

त्या कार्डावर काय होतं, ते सांगायची मला परवानगी नाही. गावातले लोकही हे वाचतात. पण सप्टेंबरात हेझलने छोटी बरणी घातली, सहा आठवडे थांबली, एक कांदा तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला. मग म्हणाली, "हीच."

मी म्हणालो, आता ते कार्ड नीट चौकटीत लावू, भिंतीवर टांगू. तिने नको म्हटलं आणि ते परत पुस्तिकेत ठेवलं. यंदाच्या वाढदिवसाला मला काय मिळणार आहे, तेही तिने तिथेच ठेवलंय म्हणे, माझ्या समोर, लपवायची तसदी न घेता.

वाढदिवसाला अजून तीन आठवडे आहेत. पुस्तिका माझ्या हाताशी आहे. अजून उघडलेली नाही.