शंखदुर्गावर एक दिवसाची स्वारी

खारवळ गाव आणि समोर समुद्रात उभा असलेला शंखदुर्ग यांच्यातली लढाई तीनशे अकरा वर्षांपूर्वी सुरू झाली होती आणि अजून संपलेली नव्हती. सोमवारी तेवढी ती बंद असे. तहाचा कागद कुणी केलाच नाही, त्यामुळे कचेरीच्या लेखी वेढा चालू होता. साहजिकच किल्ला पाहायला जायचं म्हणजे किल्ल्यावर चालून जायचं, आणि त्यासाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागे.

वैजयंता नागवेकर लग्न होऊन खारवळात आली त्याला चौतीस वर्षं झाली होती. एस्टीच्या चौकशी खिडकीवर बसून तिने सगळ्या तालुक्याला गाड्या सांगितल्या, पण स्वतः कुठे म्हणून गेली नाही. निवृत्त झाल्याच्या तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता ती नवऱ्याला म्हणाली, "मी शंखदुर्ग बघणार."

"रोज बघतेसच की खिडकीतून," दिगंबर म्हणाला.

"आतून."

दिगंबरने पेपर खाली ठेवला. मागची स्वारी सव्वीस वर्षांपूर्वी हायस्कूलच्या शिक्षकांनी केली होती आणि ती दरवाजातच परतवून लावली गेली होती. डबे खडकावर बसून खावे लागले होते. "तुझा गुडघा?" त्याने विचारलं.

"तोही येईल."

महिला मंडळात विषय निघाला मात्र, दहा जणी उभ्या राहिल्या. सगळ्यात आधी मुमताजभाभी. त्यांच्या माहेरच्या कुणा पूर्वजाने या किल्ल्याच्या तटाला शिडी लावली होती, आणि तिच्या खुणा उरल्यात का हे त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

कचेरीत वेढे शाखा पाणीपुरवठ्याच्या शेजारी होती. हुंबरे भाऊसाहेबांनी अर्ज पुढ्यात ओढला.

"सरदाराचं नाव?"

"वैजयंता दिगंबर नागवेकर."

"फौज किती?"

"अकरा. माझ्यासकट."

"हत्यारं?"

"छत्र्या आहेत. आणि एक विळी, कोशिंबिरीसाठी."

"विळी लिहितो. दाणागोटा स्वतःचा की लूट करणार?"

"स्वतःचा," सोबत आलेल्या मुमताजभाभी म्हणाल्या. "भाऊसाहेब, आम्ही काय त्यांच्या घरचं खाणार?"

भाऊसाहेबांनी नियम समजावले. किल्लेदाराच्या तलवारीचा सपाट भाग ज्याला लागेल तो कैद; त्याने पाच वाजेपर्यंत अंबरखान्यात, म्हणजे धान्याच्या कोठारात, बसायचं. पाचच्या आत सात जण निशाणाच्या बुरुजावर पोचले तर किल्ला पडला. सहा पोचले तर पडला नाही.

"आणि पडला तर पुढे काय?" वैजयंताने विचारलं.

भाऊसाहेबांनी अर्ज उलटून पाहिला. "तो रकाना आजवर कुणी भरलेला नाही. किल्लेदारांकडे नियमांची पोथी आहे, ते सांगतील." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण बाई, जाच तुम्ही. या मार्चपर्यंत हल्ला झाला नाही तर किल्लेदाराचं पद निकामी म्हणून रद्द होतंय. म्हातारा माणूस आहे."

आठ दिवसांनी किल्ल्यावरून उत्तर आलं. मासेमारीच्या होडीतून, प्लास्टिकच्या पिशवीत. 'आपल्या हल्ल्याचे पत्र पावले. अत्यंत आनंद झाला. आम्ही निकराने लढू. येताना जमल्यास कोथिंबीर आणावी. आपला शत्रू, त्रिंबक गावखडकर, किल्लेदार.'

वैजयंताने ते पत्र दहा वेळा वाचलं. आजवर तिला इतकं मनापासून कुणी बोलावलं नव्हतं.

मग तयारीला ऊत आला. कॅलेंडरच्या पाठीवर किल्ल्याचा नकाशा निघाला. दरवाजाच्या जागी पानाचा डबा, बुरुजांच्या जागी वाट्या. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर रोज चढायचा सराव सुरू झाला. दहा-चाळीसच्या भरतीला लाँच किल्ल्याच्या धक्क्याला लागेल, म्हणजे साडेनऊला घरून निघायला हवं. थालीपीठं की दशम्या यावर एक अख्खी दुपार भांडण झालं आणि दोन्ही न्यायचं ठरलं. मुमताजभाभींनी खीमा-पाव जाहीर केला. वैजयंता गुडघ्याला पट्टा बांधून टाकी चढायची आणि वर पोचली की किल्ल्याकडे बघून एकटीच हसायची.

बुधवारी लाँच निघाली. किल्ल्यावरून तोफेचा एक बार झाला. लाँचवाला तांडेल म्हणाला, "सव्वीस वर्षांनी उडाली," आणि त्याने टोपी काढली.

दरवाजाशी पोचताच वरून पाणी पडलं. अकरा छत्र्या एकदम उघडल्या. पाणी कोमट होतं.

"माफ करा हं," वरून किल्लेदारांची बहीण द्वारकाताई ओरडली. "उकळतं टाकायचं असतं, पण सिलिंडर संपत आलाय!"

"असू द्या!" खालून मंडळातली सरोज ओरडली. "कोथिंबीर आणलीय!"

दरवाजातली लहान दिंडी उघडली ती कोथिंबीर घेण्यापुरती, पण तेवढ्यात सगळ्या आत शिरल्या. आत किल्लेदार उभे होते. एकोणऐंशी वर्षांचे, इस्त्रीचा अंगरखा, हातात तलवार, आणि चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानासारखा आनंद. "या," ते म्हणाले, "आता एकीलाही सोडणार नाही."

आणि सोडेनात. वैजयंताने शाळेत आट्यापाट्या खेळल्या होत्या. तिने हुलकावण्या कशा द्यायच्या ते सगळ्यांना शिकवलं होतं. तरी जेवणाआधीच दोघी अंबरखान्यात गेल्या. एक ते दोन युद्धविराम झाला. एकाच सतरंजीवर सगळे जेवले, कैदीसुद्धा. किल्लेदारांनी खीमा तीनदा मागून घेतला. दोनला पुन्हा सुरू. मुमताजभाभी शिडीच्या खुणा शोधत तटाशी रमल्या आणि पाठीमागून पकडल्या गेल्या. "सापडल्या का खुणा?" किल्लेदारांनी विचारलं. "सापडल्या," त्या म्हणाल्या, आणि खुशीत कैदेत गेल्या. चौथी गेली तेव्हा साडेचार वाजले होते. उरल्या सात. सहा जणी बुरुजावर पोचून खाली वाकून ओरडत होत्या.

सातवी वैजयंता. एकशे बहात्तर पायऱ्यांपैकी एकशे दहावीवर तिचा गुडघा बसला. दहा पायऱ्या खाली किल्लेदार कठड्याला धरून धापा टाकत होते.

"दम खायचा का?" त्यांनी विचारलं.

"खाऊ या."

दोघे आपापल्या पायरीवर बसले. वाऱ्याला मिठाचा वास होता. समोर पाण्यापलीकडे खारवळ दिसत होतं, टाकी, माडांची रांग, आणि एक छोटी निळी खिडकी. वैजयंता बघत राहिली. तिची खिडकी इतकी लहान असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"तुम्ही तिकडून हा रोज बघता," किल्लेदार म्हणाले. "कसा दिसतो?"

"तुम्ही नाही पाहिला?"

"मी इथेच जन्मलो. वेढ्यातला माणूस बाहेर कसा जाणार? बाहेरून किल्ला कसा दिसतो ते मला ठाऊक नाही."

"सकाळी काळा दिसतो," ती म्हणाली. "संध्याकाळी गुळासारखा. पावसात दिसतच नाही, आणि मग दिवसभर चुकल्यासारखं होतं."

किल्लेदारांनी अंगरख्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि उभे राहिले. "चार-एक्कावन्न. उठा. मी मुद्दाम हरणार नाही, सांगून ठेवतो."

"मीही नाही," ती म्हणाली आणि एकेक पाय ओढत निघाली. पट्टा सुटला, चप्पल खाली गेली. पाठीमागे तलवारीचं टोक पायऱ्यांवर खणखण वाजत जवळ येत होतं. शेवटच्या पायरीवर सहा जणींनी तिचा हात धरून वर खेचलं आणि तलवार तिच्या पदरावरून अर्ध्या वितीने हुकली.

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी शंखदुर्ग पडला.

बुरुजावर जो आरडाओरडा झाला तो खारवळात ऐकू गेला. किल्लेदारांनी टाळ्या वाजवल्या. मग पोथी काढून, चष्मा लावून त्यांनी शेवटचं पान वाचलं. बुरुजावर पोचलेले सात जण किल्ल्याची शिबंदी होतील, म्हणजे पुढे कुणी किल्ला जिंकेपर्यंत तिथे राहून तो राखतील. कैदी सुटतील. हरलेल्यांना मानाने, हत्यारांसह, जेत्यांच्या होडीतून पलीकडे जाऊ द्यावं. वेढा पुढे चालू.

सातही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. सरोज हळूच म्हणाली, "इथे अंघोळीला गोडं पाणी आहे का?"

"तीन विहिरी," द्वारकाताई म्हणाली. ती पिशवी भरूनही आली होती.

वैजयंताने दिगंबरला फोन लावला. "आम्ही किल्ला घेतला."

"ऐकलं. कधी येतेस?"

"कुणीतरी जिंकून घेतला की. डाळ फ्रिजमध्ये आहे. आणि हे बघ, पाहुणे पाठवतेय दोन. त्यांना आपल्या खिडकीत बसव, चहा दे."

दिगंबरने विचारलं, "अर्ज पंधरा दिवस आधीच द्यावा लागतो ना?"

"हो. आणि फौज चांगली आण. आम्ही निकराने लढू."

लाँच सुटली. किल्लेदार लाँचच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पाठ गावाकडे आणि तोंड किल्ल्याकडे करून बसले होते. मुमताजभाभी त्यांना शिडीची जागा बोटाने दाखवत होत्या. वैजयंताने हात हलवला. मग ती अनवाणीच पायऱ्या उतरून खाली आली. दरवाजा जड होता. सात जणींनी मिळून तो लावला आणि अडसर घातला.