भुंग्या दमतो

सोफ्याखालून उसासा ऐकू आला तशी आईने हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. उसासा टाकला होता केर काढणाऱ्या यंत्राने. पण तो घडवला होता चिरंजीवांनी, आणि त्याबद्दल कंपनीने त्यांची पाठही थोपटली होती.

यंत्रांना स्वभाव देणं हे चिरंजीवांचं काम. बाकीच्यांनी या यंत्राला चाकं दिली, मोटर दिली. चिरंजीवांनी त्याला लाज दिली. ताटाएवढं ते गोल यंत्र कामाला लागताना गुणगुणायचं, भिंतीला धडकलं की ओशाळायचं, केर जास्त असला की उसासा टाकायचं आणि काम आटोपलं की खुदकन हसायचं. माणसाचा जीव जडला तरच यंत्र माळ्यावर जाऊन पडत नाही, असा चिरंजीवांचा सिद्धांत होता. तो पडताळायला त्यांनी पहिला नमुना घरीच आणला. दुसरं कारण आईची कंबर. तिचा मणका सरकला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, की वाकणं पूर्ण बंद, नाहीतर ऑपरेशन. आई ऑपरेशनला घाबरायची, पण केराला त्याहून जास्त.

आईने यंत्राचं नाव भुंग्या ठेवलं आणि जीव अपेक्षेपेक्षा लवकर जडला.

यंत्र आपल्या कामाची खबर रोज ऑफिसात धाडत असे. चाचणीसाठी दिलेल्या इतर घरांत ते दिवसभर उसासे टाकत होतं. चिरंजीवांच्या घरी मात्र पहिल्या काही दिवसांनंतर एकही उसासा नाही. निघालं की लगेच हसून परत जागेवर. साहेब चकित झाले. त्याला घरी खायला काय घालता, असं त्यांनी विचारलं. चिरंजीवांनी विनयाने सांगितलं, की शेवटी संस्कार घरातून येतात. साहेबांनी ते वाक्य जाहिरातीसाठी मागून घेतलं आणि मोठ्या ग्राहकांना हे सुखी यंत्र दाखवायला घरीच आणायचं ठरवलं.

एकच गोष्ट जमत नव्हती. आईची कंबर सुधारायचं नाव घेत नव्हती. वाकता का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर आईने घरात यंत्र असल्याचं सांगितलं. ते खरंच होतं. साक्षीला चिरंजीव होतेच.

पाहुण्यांची तयारी करायला म्हणून चिरंजीव एका दुपारी लवकर घरी आले. भुंग्या आपल्या जागी डुलकी काढत होता आणि आई झाडू घेऊन अर्धी सोफ्याखाली होती.

"आई, हे काय चाललंय?"

"हळू बोल. उठेल तो."

"अगं, मशीन आहे ते."

"असेना. सोफ्याखाली शिरला की केवढा सुस्कारा टाकतो. माझ्याच्याने ऐकवत नाही. तेवढं मी काढून ठेवते, बाकीचं करतो बिचारा."

"बाकीचं काय उरतं?"

आईने खोलीभर नजर फिरवली. कुठे कण नव्हता. "फिरतो," ती म्हणाली. "लेकराने फिरूही नये का?"

चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी उसासा काढून टाकला आणि हात लागलाच आहे तर बाकीचा आवाजही बंद केला. दुसऱ्या दिवशी भुंग्या मुकाट्याने फिरला. तू त्याच्यादेखत ओरडलास म्हणून त्याने अबोला धरलाय, असं निदान आईने केलं, आणि त्याचं मन राखायला कपाटामागचाही केर काढला.

मग चिरंजीवांनी डोकं चालवलं. पोटात केर गेला नाही तर यंत्राने कण्हावं, अशी सोय केली. म्हणजे आई त्याच्यासाठी केर शिल्लक ठेवील. आईने केर ठेवला नाही. केर ही काय खायची वस्तू आहे, असं म्हणून तिने बिस्किटं चुरली आणि वाकून त्याच्या वाटेवर पसरली. बिस्किटांना मुंग्या लागल्या. भुंग्याला चावतील म्हणून आई मुंग्या झाडायला पुन्हा वाकली, आणि या वेळी वाकलेलीच राहिली.

डॉक्टर घरी आले. येत्या सोमवारी तपासतो, फरक नसेल तर भरती व्हा, म्हणाले. चिरंजीवांनी साहेबांना ग्राहकांची भेट पुढे ढकलायला सांगितलं आणि ते आईच्या पायाशी येऊन बसले.

"डॉक्टरांचं का ऐकत नाहीस?"

"डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात."

"आणि मी सांगितलेलं?"

"तू सांगतोस कुठे? मेसेज करतोस."

चिरंजीवांनी हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून काहीतरी बोलत बसले.

सकाळी भुंग्या निघाला तो थेट आईच्या पायांशी येऊन थांबला. "पाय वर घे ना," तो म्हणाला. आईने एक पाय वर घेतला. भुंग्या हलला नाही. दुसरा घेतला, तेव्हा गुणगुणत पुढे गेला. तिने पाय खाली टेकवला, की होता तिथून परत. "घे ना गं."

"आवाज ओळखीचा वाटतोय," आई म्हणाली.

"घाईत दुसरं कुणी मिळालं नाही," चिरंजीव म्हणाले.

"शाळेत असताना अस्साच पिरपिर करायचास." पण पाय वरच होते.

इतक्यात भुंग्या चिरंजीवांपुढे येऊन उभा राहिला. स्वतःला वगळायला ते विसरले होते. तेही सोफ्यावर चढले. मोबाइल समोरच्या टेबलावर राहिला. पूर आल्यावर माणसं पारावर बसतात तशी दोघं मांडी घालून बसली. आईने विचारलं, हल्ली झोप का लागत नाही तुला. चिरंजीवांनी सांगितलं. बरंच होतं.

सोमवारी डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली आणि ऑपरेशनचा विषय काढला नाही. पुढे तर बेताने वाकायची परवानगीही दिली. आईने ती ऐकून घेतली. भुंग्या निघायची वेळ झाली की ती पाय वर घेऊन बसे आणि चिरंजीवांना हाक मारी.

ऑफिसात साहेब मात्र हैराण झाले होते. इतर घरी भराभरा फिरणारं यंत्र याच घरात सोफ्यापाशी पोचलं की गोगलगाय का होतं, हे एका चिरंजीवांखेरीज कुणालाच सांगता येईना, आणि ते सांगत नव्हते. शेवटी त्यांनी सकाळीच फोन लावला.

"बिघाड सापडला का?"

"शोधतोय साहेब. थोड्या वेळाने बोलू का? आत्ता पाय वर आहेत."